धुरकऱ्याची तुतारी आणि पंचांचे मौन

केशवसुतांची ‘तुतारी’ पदवीच्या वर्गात शिकवायला घेतली की दरवर्षी मागच्या बाकांवर कुणीतरी हसते. बुलढाणा जिल्ह्यात मराठी शिकवणाऱ्या कोणत्याही प्राध्यापकाला या हसण्याचे कारण सांगावे लागत नाही. केशवसुतांची तुतारी फुंकायची असते. आमच्या वऱ्हाडातली तुतारी टोचायची असते. इतरत्र जिला पराणी म्हणतात आणि जिच्या टोकाच्या खिळ्याला आर म्हणतात, ती बैल हाकायची काठी म्हणजे इकडची तुतारी. अनेक वर्षे मी हे हसणे एका वाक्यात निकालात काढत आलो: ‘ती वेगळी, ही वेगळी.’ मग कवितेतल्या क्रांतीकडे वळायचे, आणि मागचा बाकही निमूटपणे वळायचा.

दोन वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात मात्र त्याच हसणाऱ्यांपैकी एकाच्या हातात मी ती दुसरी तुतारी पाहिली, आणि तेव्हापासून हे वाक्य माझ्या तोंडून निघत नाही.

प्रसंग शंकरपटाचा. गावाचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण जे तिथे घडले ते तिथेच घडते असे नाही. ‘मराठीचे सर बरे बोलतात’ एवढ्या भांडवलावर बक्षीस वितरणासाठी मला बोलावणे आले होते. तूर निघालेले मोकळे शेत, दोन्ही बाजूंना दोरखंड, टोकाला मांडव, मांडवात फेटे बांधलेले आम्ही. हलक्या छकड्याला जुंपलेली जोडी सुटते आणि डोळ्याचे पाते लवावे इतक्या वेळात समोरून निघून जाते. सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारे घड्याळ आकडा दाखवते आणि तो आकडा ध्वनिक्षेपकावरून घुमतो. हे दृश्य सुंदर नसते असे मी म्हणणार नाही. ते विलक्षण सुंदर असते, आणि त्या सौंदर्यातच सारी अडचण दडलेली आहे.

पट सुरू होण्यापूर्वी निवेदकाने नियम वाचले. तुतारी वापरू नये, चाबूक वापरू नये, शेपटी पिरगाळू नये, बॅटरी लावू नये. वाचून झाल्यावर तो थांबला, कुणीतरी त्याच्या हातात चिठ्ठी दिली, आणि देणगीदारांची नावे सुरू झाली. नियमांचा त्या दिवसाशी आलेला संबंध इतकाच. दुपारी ज्या पांढऱ्याशुभ्र जोडीने सर्वांत कमी वेळ नोंदवला, तिच्या उजव्या बैलाच्या मागच्या मांडीवर तांबडे टिपके होते. गुलाल नव्हे, गुलाल पाठीवर असतो. मी ते पाहिले. माझ्या शेजारी बसलेल्या पंचांनीही पाहिले. मी ढाल दिली, रोख रकमेचे पाकीट दिले आणि बैलाच्या वशिंडावर हात ठेवून छायाचित्रही काढून घेतले. छायाचित्रात मांडी येत नाही.

छकड्यावर होता माझा विद्यार्थी, द्वितीय वर्षाचा. संध्याकाळी तो नमस्काराला आला तेव्हा मी त्याला विचारले, अगदी सौम्यपणे, कारण नुकतीच मीच त्याच्या जोडीला ढाल दिली होती. तो म्हणाला, ‘‘सर, नाई टोचलं त मालक पुढच्या पटाले बसू देत नाई. अन् सवाल त सेकंदाचा असते.’’ त्याच्या बोलण्यात लाज नव्हती, उद्दामपणाही नव्हता. पगाराविषयी बोलताना माणसे ज्या आवाजात बोलतात, तो आवाज होता.

पुढच्याच महिन्यात एका महाविद्यालयात लोकसंस्कृती आणि ग्रामीण साहित्य या विषयावरच्या चर्चासत्राला मी गेलो. तिथे शंकरपटावर निबंध वाचला गेला. शंकर आणि नंदी, कृषिसंस्कृतीचे आदिबंध, बंदीच्या काळातील सांस्कृतिक पोकळी, परंपरेचे पुनरागमन, असे सारे त्यात होते. आणि निबंध वाईट नव्हता. मात्र वीस मिनिटांच्या त्या वाचनात तुतारी हा शब्द एकदाही आला नाही. चर्चेत मी तो उच्चारला तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी समजुतीच्या सुरात म्हणाले की आपण साहित्याची माणसे आहोत, प्राणिमित्र संघटनेची नव्हे. टाळ्या पडल्या. प्रस्तुत लेख हा त्या टाळ्यांना दिलेला उशिराचा प्रतिवाद आहे.

प्रथम बंदीच्या इतिहासाकडे पाहू. केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये खेळ-करमणुकीसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यत या दोहोंवर बंदी आणली. महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राण्यांच्या छळप्रतिबंधक कायद्यात आपल्यापुरती दुरुस्ती केली, सोबत नियमही केले; त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना पुन्हा अटकाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या दुरुस्तीच्या व नियमांच्या चौकटीत शर्यती घेण्यास मुभा दिली, आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू आणि कर्नाटकासोबत महाराष्ट्राची दुरुस्तीही वैध ठरवली. म्हणजे तब्बल एक तप महाराष्ट्र एकाच प्रश्नावर भांडला: शर्यत असावी की नसावी? मोर्चे निघाले, रस्ते अडले, वृत्तपत्रांतून अग्रलेख झडले. शर्यत असेल तर ती कशी असावी, या प्रश्नावर भांडायला मात्र कुणाला सवड झाली नाही. जिंकलेल्यांना विजय पुरेसा वाटला आणि हरलेल्यांना पराभव. मधल्या मध्ये बैल उभा राहिला.

आणि ही मुभा बिनशर्त नव्हती, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. २०१७ च्या नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, धावेचे अंतर एक हजार मीटरच्या आत असावे लागते. आणि गाडीवानाने काठी, चाबूक किंवा विजेचा झटका देणारे साधन वापरता कामा नये, असे स्पष्ट लिहिलेले आहे. घटनापीठाने परंपरा वैध ठरवली ती या नियमांसह. ज्या पटात नियम ध्वनिक्षेपकावर वाचून तिथेच सोडून दिले जातात, त्या पटाला ‘न्यायालयाने मान्य केलेली परंपरा’ म्हणवून घेण्याचा अधिकार कसा पोचतो?

याहून जुनी गोष्ट सांगतो. ओझी ओढणाऱ्या व वाहणाऱ्या जनावरांसंबंधीचे केंद्रीय नियम १९६५ चे आहेत. जनावर हाकण्यासाठी खिळा लावलेली काठी वापरण्यास त्यांत मनाई आहे. म्हणजे आमची तुतारी शर्यतीच्याच नव्हे, तर नांगराच्या आणि गाडीच्याही कामातून गेली साठ वर्षे कायद्याने हद्दपार आहे. प्रत्येक गोठ्याच्या दाराशी ती उभी असते. बाजारात ती उघड विकत मिळते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीच्या वेळी बैलाच्या खांद्याला लोणी-हळद चोळतात, तेव्हा ती जरा बाजूला भिंतीला टेकवून ठेवलेली असते इतकेच. हे मी कुत्सितपणे लिहीत नाही. माझ्या आजोळच्या गोठ्यातही ती होती आणि मी ती लहानपणी हाती धरली आहे.

अशा स्थितीत दंडाचा विचार केला तर गंमत दिसते. १९६० च्या मूळ कायद्यात जनावराला मारहाण करण्याच्या पहिल्या गुन्ह्याला दंड लिहिला गेला तो दहा ते पन्नास रुपये. पटाच्या मैदानावर पन्नास रुपयांत दोन चहा आणि एक भज्यांची प्लेट येते. याच्या उलट महाराष्ट्राच्या दुरुस्तीत शर्यतीच्या वेळी बैलाला वेदना देणाऱ्यासाठी पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. एकीकडे शिक्षा इतकी क्षुल्लक की ती करण्यात अर्थ नाही, दुसरीकडे इतकी जबर की ती करायला कुणाचा हात उचलत नाही. माझ्या त्या विद्यार्थ्यावर पाच लाखांचा खटला भरावा असे कोणता पंच म्हणेल? मीही म्हणणार नाही. गावातला पंच गावातल्या मुलाला फौजदारीत ढकलत नाही, आणि ढकलू नये असेच आपल्याला वाटते. परिणामी शिक्षा कागदावर अवाढव्य राहते आणि मैदानावर शून्य. या दोहोंच्या मध्ये जी पायरी हवी, ती खेळाच्या शिस्तीची पायरी. धाव बाद करणे. बक्षीस रोखणे. धुरकऱ्याला हंगामापुरते खाली उतरवणे. त्यासाठी पोलीस लागत नाहीत, वकील लागत नाहीत. फक्त पंच लागतो आणि त्याला दोन डोळे लागतात.

ही पायरी कशी असते हे पाहायचे तर आपल्या पटाचे दूरदेशीचे भावंड पाहावे. युरोप, अमेरिका, ऑस्ट्रेलियात घोड्यामागे दोन चाकांची हलकी गाडी जुंपून शर्यती होतात. गाडीला सल्की म्हणतात. आपला छकडाच तो, फक्त नळ्यांचा. हाकणारा घोड्याच्या मागे जवळजवळ त्याच्या शेपटीवर बसतो, जसा आमचा धुरकरी बसतो. या शर्यतीची गंमत अशी की घोड्याने ठरलेल्या दुडक्या चालीतच धावायचे असते. चाल मोडून तो चौखूर उधळला आणि सावरला गेला नाही तर सर्वांत पुढे असूनही त्याला किंमत मोजावी लागते. म्हणजे वेगाला मर्यादा घालणे हा त्या खेळाला बाहेरून लागलेला जाच नसून तोच खेळ आहे. चाबकाबाबतही तेथे पंचांचे मंडळ बसते, धावेचे चित्रण पुन्हा पुन्हा पाहते आणि ज्याचा हात मर्यादेबाहेर गेला त्याला दंड करते, अमुक दिवस गाडीवर बसू देत नाही. तिथे सारे आलबेल आहे असे नव्हे. ऑस्ट्रेलियातील या शर्यतींच्या संस्थेने डिसेंबर २०१६ मध्ये चाबूक पूर्णपणे बंद करण्याची घोषणा केली, पुढे तिची धार बोथट झाली आणि हात किती व कसा हलवावा यावरच्या बंधनांवर गाडी थांबली. नॉर्वेने मात्र १९८२ मध्येच शर्यतीतला चाबूक मोडीत काढला. त्यानंतरही नॉर्वेत शर्यती होतातच.

परंतु शिक्षा कुणाला करायची, हा प्रश्न तिथेही सुटायला वेळ लागला, आणि मला ज्या उदाहरणाने जागे केले ते घोडदौडीतले आहे. ऑक्टोबर २०११ मध्ये ब्रिटनमध्ये चाबकाचे नवे नियम लागू झाले. त्याच महिन्यात अ‍ॅस्कॉटच्या एका मोठ्या शर्यतीत ख्रिस्तोफ सुमियाँ या स्वाराने ‘सिरस दे एगल’ नावाच्या घोड्याला विजयी केले. शेवटच्या टप्प्यात पाच फटके चालत. त्याने एक अधिक मारला. त्या एका फटक्यापायी बक्षिसातला त्याचा वाटा, पन्नास हजार पौंडांहून अधिक रक्कम, गेला. घोड्याचा विजय कायम राहिला. मालकाचे बक्षीस कायम राहिले. जो फटका नियमाबाहेरचा म्हणून स्वार दंडला गेला, त्याच फटक्यानिशी मिळालेले यश मालकाच्या घरी पोचले. ब्रिटनला यातील विसंगती दूर करायला २०२३ उजाडावे लागले: सपाट दौडीत सहा आणि अडथळ्यांच्या दौडीत सात फटके ही मर्यादा ठरली, आणि ती चार वा अधिक फटक्यांनी ओलांडली तर घोडाच बाद. म्हणजे मालकही बाद.

माझ्या विद्यार्थ्याचे वाक्य इथे पुन्हा आठवावे: मालक पुढच्या पटाला बसू देत नाही. धुरकरी हा पुष्कळदा जोडीचा मालक नसतो. तो हाताचा गुण विकणारा मनुष्य असतो. आज या जोडीवर, उद्या त्या जोडीवर. त्याला टोचल्याबद्दल दंड केला आणि जोडीचा क्रमांक तसाच ठेवला, तर मालक दंडाची रक्कम खिशातून भरेल आणि पुढच्या खेपेला त्यालाच बसवील. किंवा त्याला हाकलून अधिक निबर हात शोधील. दोन्हीत तुतारी तशीच राहते. म्हणून धुरकऱ्याला शिस्त लावायची असेल तर पहिला घाव फलकावरच्या आकड्यावर पडला पाहिजे. ज्या जोडीच्या अंगावर ताजी खूण, तिची वेळ पुसावी. ढाल दुसऱ्या क्रमांकाला. हे दोन पटांत झाले की तिसऱ्या पटात मालकच धुरकऱ्याच्या हातातून तुतारी काढून घेईल, आणि त्यासाठी त्याला भूतदयेचे एकही प्रवचन ऐकावे लागणार नाही.

यावर आक्षेप येतील, आलेही आहेत. महालक्ष्मीच्या मैदानावर श्रीमंतांचे घोडे चाबूक खाऊन धावतात ते कुणाला खुपत नाही, शेतकऱ्याचा बैल तेवढा दिसतो, हा त्यांतला सर्वांत जोरकस. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते मी निमूटपणे मान्य करतो. घोडदौड हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले आणि २०११ च्या अधिसूचनेत घोडा आला नाही. हा दुजाभाव आहे. पण या तक्रारीतून निष्पन्न काय होते? त्यांच्या चाबकावर पंच बसवलेले असतात, तसे आमच्या तुतारीवर बसवा, ही मागणी निघाली असती तर मी तिच्या मोर्च्यात चाललो असतो. प्रत्यक्षात निघते ती ‘ते मारतात तर आम्हीही मारू’ ही मागणी. शहरी श्रीमंताची बरोबरी करण्याचा हा कसला मार्ग?

दुसरा आक्षेप प्रेमाचा. शेतकरी बैलाला पोटच्या पोराप्रमाणे सांभाळतो, तो त्याला कसा मारील? पटाच्या बैलाला खुराक, दूध, अंडी, मालिश. माणसाला मिळत नाही ते त्याला मिळते. खरे आहे. पण पोटच्या पोराला शाळेत छडी बसत होती तेव्हाही त्याच्यावर प्रेम होतेच, आणि छडी बंद झाली ती प्रेम कमी पडले म्हणून नव्हे. प्रेम ही गोठ्यातली वस्तू आहे; नियम ही मैदानावरची. एकीने दुसरीची जागा भरून निघत नाही. शिवाय टोचणाऱ्या हाताचे आणि खुराक घालणाऱ्या हाताचे धनी वेगळे असू शकतात, हे वर आलेच आहे.

न टोचता जोडी पळत नाही, हा तिसरा आक्षेप. बैलावर झालेल्या मोजमापाचा आधार मी देऊ शकत नाही, घोड्याचा देतो. सिडनी विद्यापीठातील पॉल मॅकग्रीवी आणि डेव्हिड इव्हान्स यांचा २०११ चा अभ्यास सांगतो की त्यांनी पाहिलेल्या शर्यतींत घोड्यांचा सर्वाधिक वेग चाबूक न उगारलेल्या टप्प्यात होता; अखेरच्या चारशे मीटरमध्ये फटके सुरू झाले तेव्हा घोडी दमत आली होती आणि फटक्यांनी वेग वाढल्याचे दिसले नाही. २०२० मध्ये त्याच विद्यापीठातून आलेल्या दुसऱ्या अभ्यासात घोड्याच्या आणि माणसाच्या कातडीची तुलना झाली. वेदना जाणवणाऱ्या वरच्या थरात दोघांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ‘जनावराची कातडी जाड असते’ हे आपल्या बोलण्यातले विधान इतके रुळलेले आहे की त्यावरून आपण माणसांनाही गेंड्याच्या कातडीचे म्हणतो. आणि समजा, टोचल्याने वेग वाढतोच. मग तो आकडा बैलाचा की खिळ्याचा? शर्यत कुणाची लावली आहे?

आता साहित्याच्या माणसांकडे येतो, कारण टाळ्या त्यांनी वाजवल्या होत्या.

आपल्या समीक्षेच्या भाषेत चाबूक ही नेहमी गौरवाची वस्तू आहे. लेखकाने रूढींवर आसूड ओढले, दांभिकतेवर कोरडे ओढले, अशी वाक्ये प्रश्नपत्रिकेच्या उत्तरांत मी हजारदा तपासली आहेत; त्यांना गुणही दिले आहेत. जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथाच्या शीर्षकात ‘असूड’ ठेवला तो शेतकऱ्याच्या हातात, त्याला नागवणाऱ्या वरच्यांच्या विरोधात. तो खालच्या मुक्या प्राण्यावर उगारण्यासाठी नव्हता. आपण मात्र वरच्यांवर उगारलेला असूड प्रतीक म्हणून टिपणवहीत ठेवला आणि खालच्यांवर पडणारी तुतारी लोकसंस्कृती म्हणून चर्चासत्रात. विधिमंडळातला पक्षप्रतोदही मुळात चाबूकच, प्रतोद म्हणजे चाबूक किंवा पराणी. पण तो मोडला तर आमदारकी जाते याची नीट तरतूद आपण करून ठेवली आहे. (बैलाला मतदान नसते, एवढाच फरक.)

करुणेचा विषय निघाला की आपण थेट तेराव्या शतकात जातो. लीळाचरित्रातला चक्रधरांच्या आश्रयाला आलेला ससा, मग एकनाथांनी तहानलेल्या गाढवाला पाजलेले गंगाजल. या कथा मलाही प्रिय आहेत. पण त्या एका महापुरुषाच्या एका क्षणाच्या कथा आहेत. ससा वाचला, कारण त्या दिवशी तिथे चक्रधर होते. ज्या दिवशी नसतील त्या दिवसासाठी नियम लागतो, आणि नियमाविषयी आपल्या वाङ्मयाला फारसे आकर्षण नाही. तो रुक्ष वाटतो, सरकारी वाटतो.

आनंद यादवांची ‘गोतावळा’ (१९७१) अनेक विद्यापीठांत अभ्यासाला लागली. शेतकरी आणि जनावरे यांच्या एकरूपतेची कादंबरी म्हणून ती शिकवली जाते. मीही तशीच शिकवली. पण नारबा शेतकरी नाही, तो गडी आहे. जनावरे त्याचा गोतावळा आहेत, पण ती त्याच्या मालकीची नाहीत; त्यांचे काय करायचे हे मळ्याचा मालक ठरवतो आणि ट्रॅक्टर आल्यावर ठरवतोही. जीव लावणारा एक आणि निर्णय घेणारा दुसरा, ही त्या कादंबरीची खरी जखम आहे. ‘एकरूपता’ हा शब्द वापरून आपण मालकाला चित्राबाहेर सोडतो, जसा पटाच्या मांडवातून आम्ही त्याला सोडला होता. चर्चासत्रातील निबंधात ‘शेतकरी व त्याचा बैल’ असा जो जोडशब्द वारंवार येत होता, त्यात माझ्या विद्यार्थ्याला जागाच नव्हती. तो ना शेतकरी, ना बैल. तो मधला, ज्याच्या हातात तुतारी दिली जाते आणि जो पकडला गेला तर एकटा पकडला जातो.

म्हणून त्याला मोकळे सोडावे का? नाही. इथे माझे काही मित्र मला सोडून जातील. परिस्थितीने टोचायला लावले म्हणून खिळा बोथट होत नाही. धुरकऱ्याच्या हाताला पर्याय असतो. न टोचता, केवळ आरोळीवर आणि कासऱ्याच्या इशाऱ्यावर जोडी काढणारे जुने धुरकरी मी पाहिले आहेत आणि गावोगावी त्यांची नावे आदराने घेतली जातात. ज्याच्या जोडीवर ताजी खूण दिसेल त्या धुरकऱ्याला त्या दिवशी दुसऱ्या कोणत्याही छकड्यावर बसू देऊ नये. दुसऱ्यांदा दिसली तर त्या हंगामात तालुक्यातल्या कोणत्याच पटावर नाही. सुटण्यापूर्वी आणि पोचल्यावर पशुवैद्यकाने जोडीच्या मांड्या, शेपटीचे मूळ आणि कूस पाहावी, आणि त्याचे म्हणणे अंतिम असावे. हे सारे त्याच ध्वनिक्षेपकावरून सांगावे, ज्यावरून वेळ सांगितली जाते: अमुक मालकाची जोडी, अमुक धुरकरी, तुतारी वापरल्यामुळे बाद. गावात हे वाक्य पाच लाखांच्या दंडापेक्षा अधिक लागते.

असे झाले तर पट कमी होतील, देणगीदार रुसतील, भांडणे होतील, असे एका आयोजकांनी मला सांगितले. भांडणे होतील हे मलाही दिसते. पंच म्हणून बसणाऱ्याला शिव्या खाव्या लागतील, आणि मांडवात फेटा बांधून बसलेल्या मराठीच्या सरांनाही त्यातल्या काही मिळतील.

माझ्या विद्यार्थ्याने यंदा पदवी पूर्ण केली. तो अजूनही जोड्या काढतो. मध्यंतरी भेटला तेव्हा मी त्याला वरची सगळी योजना सांगितली. तो शांतपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, ‘‘सर, सगळ्याईच्या हातातली एकदमच काढा. माया एकट्याच्या नोका काढू.’’ मला यापेक्षा नेमकी मागणी चर्चासत्रात ऐकायला मिळाली नव्हती.

त्याच गावाचे बक्षीस वितरणाचे निमंत्रण यंदाही आले आहे. मी येतो असे कळवले आहे. सोबत एक विचारणा केली आहे की फलकावर वेळेच्या रकान्याशेजारी ‘बाद’ असा एक रकाना आखता येईल का, आणि येत असल्यास तो भरण्याचा अधिकार कुणाकडे राहील. रंगाऱ्याचा खर्च मी देईन असेही लिहिले आहे.